तीन बोटं, तीस टक्के आणि वॉचमनची नोकरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आमच्या शेजारच्या चाळीतल्या एका पोराला बघायला हॉस्पिटलला गेलो होतो. बावीस वर्षांचा पोरगा, साकीनाक्याला एका गाळ्यात ठेकेदाराकडून प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर होता, उजवा हात मशीनमधे गेला. मनगटापर्यंत बँडेज, तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याची आई मला बाहेर पॅसेजमधे घेऊन गेली आणि म्हणाली, भाऊ, तुमची कुठे ओळख असेल तर याला वॉचमनला लावता येईल का हो. पोराच्या ऑपरेशनला चार दिवस पण झाले नव्हते. मी काही बोललोच नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः 2022 साली बेडवर पडून ऐकलंय. माझ्या बाबतीत ते माझा मेव्हणा बोलला होता, तो पण चांगल्या मनानेच बोलला होता. घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र लिहितोय, लांबलं तर माफ करा.

मी कुर्ल्याच्या आयटीआयमधून 2005 ला फिटर झालो आणि तेव्हापासून पॉवर प्रेसवरच. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग डाय सेटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पत्र्याचा कुठलाही पार्ट, स्विच बोर्डचा बॉक्स म्हणा, पंख्याचा ब्रॅकेट म्हणा, तो प्रेसवर डायमधे दाबून निघतो. वर पंच असतो, खाली डाय, दोघांमधे जी फट ठेवतात तिला क्लिअरन्स म्हणतात, ती पत्र्याच्या जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के एका बाजूला. म्हणजे एक मिलीमीटरच्या पत्र्याला मिलीमीटरचा दहावा भाग पण नाही. ते सेट करणं हे माझं काम. सतरा वर्षं केलं. डाय बिघडायला लागली की आवाज बदलतो, पार्टच्या कडेला बर, म्हणजे पत्र्याची खरखरीत धार, यायला लागते, हे मला लांबून कळायचं.

ऑगस्ट 2022, गणपतीच्या आधीचा शनिवार, माल पाठवायची घाई. प्रेस 50 टनी, जुनी, पिन क्लचची. पेडल एकदा मारलं की एक स्ट्रोक व्हायचा आणि रॅम, म्हणजे पंच धरलेला वरचा भाग, वर जाऊन थांबायचा, पण पिन झिजली किंवा स्प्रिंग ढिली झाली की तो थांबत नाही, परत खाली येतो. आमच्यात त्याला प्रेस डबल पडली म्हणतात. माझ्या हातावर ती डबल पडली. आणि अशा प्रेसला स्ट्रोक मधेच थांबवता येत नाही, फ्लायव्हीलची, म्हणजे मशीनच्या जड फिरत्या चाकाची, ताकद एकदा लागली की रॅम खाली जाऊनच वर येणार, त्यामुळे तिला नुसता सेन्सर लावून उपयोग नसतो, समोर जाळीचा गार्डच पाहिजे. गार्ड होता. काढून मशीनच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेला, कारण गार्ड लावला की तासाला नग कमी निघतात. चालू मशीनचे धोक्याचे भाग झाकलेले पाहिजेत हे 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कलम 21 मधे लिहिलेलं होतं, ते मला अपघातानंतर कळलं.

उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्या हेल्परने बोटं उचलून सरळ बर्फात टाकली, त्याची चूक नाही, कुणी शिकवलंच नव्हतं. तुटलेलं बोट डायरेक्ट बर्फावर ठेवायचं नसतं, स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. माझी बोटं चिरडलेलीच होती त्यामुळे तशीही जोडली गेली नसती असं डॉक्टर म्हणाले, पण ज्याचं बोट स्वच्छ कापलं गेलंय त्याचं यामुळे वाचू शकतं. प्रत्येक गाळ्यात प्रेसच्या शेजारी एवढं तरी लिहून लावा.

आता पैशाचं. पैसे मिळाले की प्रश्न सुटला असं लोकांना वाटतं म्हणून नीट सांगतो.

माझा पगार 24,000 होता. ईएसआयसी म्हणजे सरकारी कामगार विमा, त्याची पगाराची मर्यादा 21,000, म्हणजे मी त्यात नाही. ईएसआयसीत असतो तर अपंगत्वाच्या टक्क्याप्रमाणे आयुष्यभर दरमहा पैसे मिळाले असते, तीन हजार जास्त कमवत होतो म्हणून ते गेलं. मग राहिला 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा. त्यात तक्ताच होता. अंगठा 30 टक्के, एका हाताची दोन बोटं 20, तीन बोटं 30, चार बोटं 50. मी 30 टक्केवाला. हिशोब असा की पगाराच्या 60 टक्के, गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा, माझं वय 35 होतं त्याला 197.06, आणि जे येईल त्याचे 30 टक्के. पण पगार खरा कितीही असू दे, धरायचा 15,000 च, ही मर्यादा 2020 च्या जानेवारीपासूनची. त्यामुळे माझे झाले 5 लाख 32 हजार. खरा पगार धरला असता तर साडेआठ लाख झाले असते. कंपनीने सुरुवातीला दीड लाख देऊ केले होते, इथे सही करा आणि विषय संपवा म्हणून. एका ओळखीच्या युनियनवाल्या काकांनी अडवलं म्हणून सही केली नाही, मग कामगार नुकसानभरपाईच्या कमिशनरकडे केस, आणि पैसे हातात यायला चौदा महिने गेले. कायदा म्हणायचा महिन्याभरात द्या, नाहीतर 12 टक्के व्याज द्या.

आमच्या वकिलांनी मला 1975 चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल दाखवला होता. एक सुतार सिनेमा हॉलमधे काम करताना पडला, त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. मालकाचं म्हणणं की तक्त्यात बसेल तेवढेच टक्के धरा, कोर्टाने सांगितलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून याचं कमाईचं नुकसान 100 टक्के. मला ते वाचून रडू आलं होतं, खरं सांगतो. कुणीतरी त्या माणसाचा नुसता हात मोजला नाही, त्याचं काम काय होतं ते विचारलं. वकील म्हणाले आपणही यावर भांडू शकतो पण वेळ लागेल. माझ्याकडे वेळ नव्हता, घरभाडं होतं आणि मुलीची शाळा होती. 30 टक्के घेऊन मी बाहेर पडलो.

मी हे पैशाची तक्रार म्हणून नाही लिहीत. माझं म्हणणं असं आहे की या सगळ्या चौदा महिन्यांत, कंपनी, डॉक्टर, वकील, ऑफिस, एवढ्या टेबलांवर माझा हात उलटा सुलटा करून बघितला गेला, किती बोटं, कुठल्या सांध्यापासून, पण तू आता पुढे काय काम करणार आणि ते शिकायला तुला काय लागेल हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. टक्के ठरले, चेक निघाला, फाईल बंद. माणूस 35 वर्षांचा आहे, अजून पंचवीस वर्षं कमवायची आहेत, त्याचं काय ते त्याचं त्याने बघायचं. आणि मग आजूबाजूच्या सगळ्यांना एकच नोकरी सुचते, वॉचमन. वॉचमनच्या कामाला मी कमी लेखत नाही, माझे सख्खे मामा वीस वर्षं मुलुंडला वॉचमन होते, बारा बारा तास उभं राहून त्यांनी दोन मुलं शिकवली. पण ज्याला सतरा वर्षांचं डायचं काम येतं त्याला गेटवर बसवणं म्हणजे ती सतरा वर्षं पण बोटांबरोबर फेकून देणं आहे. माझं काम काय नुसत्या तीन बोटांत होतं?

दुसरे सल्ले पण मिळाले. रिक्षा चालव म्हणाले. रिक्षाचा अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत असतो, तो दिवसभर अंगठा आणि करंगळीने पिळून दाखवा. बाईकवर डिलिव्हरी, तिथे अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे आणि पुढचा ब्रेक पण उजवीकडे. वडापावची गाडी, तर गरम तेलाजवळ तो हात अजून वर्षभर नेता येत नव्हता, कापलेल्या टोकांना साधा वारा लागला तरी झिणझिण्या यायच्या. हाजीअलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, 1955 पासूनची, तिथे मी ऑक्युपेशनल थेरपीला जायचो. तांदळाच्या भांड्यात हात घालून फिरवायचा, कधी कापूस, कधी खरखरीत कापड टोकांवर घासायचं, म्हणजे हळूहळू त्या जागेला स्पर्शाची सवय होते. तिथल्या एका ताईंनी मला पहिल्यांदा विचारलं, तुम्हाला या हाताने परत काय करायचंय? मला उत्तर देता आलं नाही पण तो प्रश्न मी भांडुपपर्यंत डोक्यात घेऊन आलो, आणि दोन दिवसांनी जाऊन सांगितलं की मला पेन्सिल धरायचीय आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, धरायचाय.

व्हर्निअर उजव्या हाताने नाही जमला, डाव्याने जमतो आता. लिहायचं डाव्या हातानेच शिकलो. मुलगी तेव्हा दुसरीत होती, तिच्यासाठी दुरेघी वह्या आणल्या होत्या त्यातली एक हिने माझ्यासमोर ठेवली, अहो तुम्ही पण काढा म्हणाली. मग रोज रात्री जेवणं झाली की मी आणि मुलगी समोरासमोर बसून अ आ इ ई काढायचो. माझा "अ" तिच्यापेक्षा वाईट यायचा, ती खोडून परत काढायला लावायची. सही पण बदलली. याचा त्रास कुणाला सांगून कळत नाही. नुकसानभरपाईचे पैसे खात्यात आले आणि मी क्लासच्या फीचा पहिला चेक दिला तो सही जुळत नाही म्हणून परत आला. बँकेत जाऊन नवीन सही द्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने आधी म्हटलं जुनी सही करून दाखवा. मी हात वर केला. ती बिचारी इतकी कानकोंडी झाली, स्वतः उठून मॅनेजरकडे गेली.

क्लास होता ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, ठाण्याला. ही कल्पना आमच्या जुन्या टूलरूमच्या मिस्त्रींची. ते म्हणाले अरे तुला डाय डोळे मिटून दिसते, ती कागदावर उतरवायला शीक. वर्गात सगळी विशीतली पोरं, मी एकटा पस्तिशीच्या पुढचा. माऊस डाव्या हातात, उजव्या अंगठ्याने आणि करंगळीने कीबोर्ड. इंग्रजी कमांड पाठ करायला त्रास झाला, पण ड्रॉइंग मला आयटीआयपासून वाचता येत होतं, ते त्या पोरांना येत नव्हतं, म्हणून एकमेकांना शिकवलं. सहा महिने. त्या सहा महिन्यांत घर हिच्या पोळीभाजीच्या डब्यांवर चाललं, पहाटे चारला उठून पंचवीस डबे, हे मी कधी विसरणार नाही. आज मी एका छोट्या टूल डिझाईनच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. 14,000 वर लागलो, आता 19,000 आहेत, म्हणजे अपघाताच्या आधी जे होते ते अजून नाहीत. पण काम माझं आहे. डिझाईनमधे पार्ट काढायला ऑपरेटरला हात आत घालावा लागतोय असं दिसलं की मी तिथे पुशर टाकतो नाहीतर घसरण काढतो, पार्ट आपोआप खाली पडतो. सर म्हणतात खर्च वाढतो. मी हात टेबलावर ठेवतो, मग ते पुढे काही म्हणत नाहीत.

मला जमलं कारण मिस्त्री भेटले, ताई भेटल्या, बायको उभी राहिली. हे नशीब झालं, व्यवस्था नाही. ज्याला नाही भेटत त्याचं काय?

सरकारी नोकरीत याची सोय आहे हे पण सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 20 मधे लिहिलंय की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तशी जागा नसेल तर मिळेपर्यंत जादा पद करून ठेवायचं. चांगला कायदा आहे. पण तो सरकारी खात्यांपुरता. मुंबईतले हात जास्त करून जातात ते साकीनाका, भांडुप, कुर्ला, वसईच्या गाळ्यांत, आणि तिथे हे लागू नाही. रेल्वेतल्या माणसाचा हात आणि गाळ्यातल्या माणसाचा हात यात फरक काय आहे मला समजत नाही. छोट्या मालकाला जादा पद परवडणार नाही हे मला पण कळतं, मी गाळ्यातच वाढलोय, म्हणून म्हणतो की त्यासाठी सगळ्या मालकांकडून थोडं थोडं घेऊन एक फंड करा, त्यातून जखमी कामगाराला सहा महिने शिकायची फी आणि घर चालण्यापुरते पैसे द्या.

ईएसआयसीत व्होकेशनल रिहॅबिलिटेशन नावाचा लाभ आहे पण, दिवसाला 123 रुपये किंवा खरी फी, जे जास्त असेल ते. पण त्याला अपंगत्व 40 टक्के लागतं. तीन बोटं तीस टक्के. दिव्यांगांच्या बहुतेक सवलतींची रेघ पण 40 वरच, माझं सर्टिफिकेट त्याच्या बरंच खाली. म्हणजे प्रेसवर परत उभं राहता येत नाही इतका मी अपंग आहे आणि नवीन काम शिकवावं इतका नाही. ही 40 ची रेघ निदान कामावर जखमी झालेल्यांच्या ट्रेनिंगसाठी तरी काढून टाका, तिथे टक्का बघू नका, जुनं काम करता येतं का नाही एवढंच बघा, त्या सुताराच्या केसमधे बघितलं तसं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवीन लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झालेत, 1923 चा कायदा पण त्यात गेला. बोटांचा तक्ता मात्र तसाच पुढे आलाय. नियम करायचे असतील तेव्हा पुढचं काम हा एक रकाना त्या फॉर्मवर आणा. आणि आयटीआयमधे शिकवायला, सेफ्टीचं ट्रेनिंग द्यायला आमच्यासारखे लोक घ्या, गार्ड का काढायचा नाही हे आमच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.

आता त्या पोराचं. मी परवा परत गेलो होतो, या वेळी थोडा बोलला. त्याला ईएसआयसीचा नंबर दिलाच नव्हता, पगार 16,000, म्हणजे त्यात तो बसतो, तो हक्क त्याला मिळायला हवा. ठेकेदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते तो आमचा माणूसच नाही. ठेकेदाराचा कामगार असला तरी ज्याच्या जागेवर काम चालू होतं त्या मालकाची जबाबदारी सुटत नाही, हे मी त्याच्या आईला दोनदा समजावून सांगितलं. अपघाताची नोंद, हॉस्पिटलचे सगळे कागद, पगाराचे मेसेज जपून ठेवायला सांगितले, जुन्या कायद्यात तर दावा करायला दोनच वर्षं असायची. आणि त्याला विचारलं, तुला मशीनवर काय आवडायचं? म्हणाला, दादा, मोल्ड बदलायला आवडायचं, सेटर कसा लावतो ते बघत बसायचो.

ठेकेदाराचा माणूस एक कागद घेऊन येऊन गेलाय. पन्नास हजार रोख, आणि पुढे काही मागणी नाही असं लिहिलेलं. उजव्या हाताला बँडेज आहे म्हणून स्टँप पॅड पण बरोबर आणला होता, डाव्या हाताचा अंगठा घ्यायला. असा हक्क सोडून दिल्याचा करार जुन्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे सुद्धा रद्दच धरला जायचा, पण त्या माउलीला ते कुठून माहीत असणार, तिला समोर पन्नास हजार दिसतात. तो सोमवारी परत येणार आहे. मी रजा टाकलीय, सकाळी दहापासून तिथे बसणार आहे. आपल्या वाचकांत कुणी कामगार कायद्याचे वकील असतील आणि सोमवारी तासभर येऊ शकत असतील तर फार उपकार होतील, माझा नंबर आपल्या ऑफिसला पत्रासोबत दिला आहे.

आपला,
एक डाय सेटर, आता ड्राफ्ट्समन
भांडुप (पश्चिम), मुंबई